एक जूनला जन्मलेली माणसं

वेबसाइटवर जन्मतारखेची चौकट टाकायची वेळ आली की माझा हात अडखळतो. माझ्या हाताखालच्या पोरांना ती सगळ्यात सोपी चौकट वाटते. दिवस, महिना, साल, झालं. मी म्हणते, बाळांनो, थांबा, इथं माणसं खोटं सांगणार. ती म्हणतात, मॅडम, स्वतःची जन्मतारीख कोण कशाला खोटी सांगेल? मी म्हणते, चला एकदा आमच्या परभणी जिल्ह्यात.

इतकी वर्षं वेबसाइटी बनवून मी एकच गोष्ट शिकले, की समोरच्यानं चौकटीत भरलेल्या कशावरही भरवसा ठेवू नये. ‘अटी व शर्ती वाचल्या’ म्हणून खूण करणाऱ्यानं पहिली ओळसुद्धा वाचलेली नसते. त्या अटींच्या पानाची मांडणी मी स्वतः केलीय आणि मीसुद्धा वाचलेल्या नाहीत. ‘उत्कृष्ट सेवा’ म्हणून पाच तारे देणारा हमखास मालकाचा मेव्हणा निघतो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणणाऱ्या प्रोग्रामरबद्दल तर बोलूच नका. माझ्या घरचे म्हणतात, हिला शक घ्यायचा आजार आहे. असेल बाई. पण तो मला इंटरनेटनं लावलेला नाही. इंटरनेटचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं तेव्हा, मानवतला राहत असताना तो लागला, आणि त्याला कारण झालं परभणीतलं एक मशीन आणि माझ्या ताईचं लग्न.

मी बारावी झाले त्या सुमारास परभणीत कंप्यूटरचा क्लास निघाला. आमचे अण्णा मानवतजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. त्यांनी कुठंतरी ऐकलं की पुढं सगळं कंप्यूटरवर होणार, आणि मला त्या क्लासात घातलं. रोज एसटीनं जायचं-यायचं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं ती. कधी बंद पुकारला जाईल आणि गाडी आगारातच उभी राहील, याचा नेम नसायचा. क्लासच्या अर्जावर आडनाव लिहायला लागायचं, तेव्हा बाकावरची सगळी पोरं मान वाकडी करून एकमेकांचा अर्ज वाचायची. त्या दिवसांत आडनाव विचारणं म्हणजे नुसतं विचारणं नसायचं. मी हातानं झाकून लिहिलं. कशाला सांगा?

मशीन एकच, शिकणारे आम्ही ढीगभर. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसं आत शिरायचं. पडद्यावर हिरवी अक्षरं. क्लास चालवणारे सर माणूस बरे होते, पण मशीनबद्दल त्यांना आमच्याहून फार जास्त कळत होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही. एकदा त्यांनी वाचलं की कंप्यूटरला व्हायरस लागतो. दुसऱ्या दिवशी एक पोरगा शिंकला तर त्याला त्यांनी बाहेर व्हरांड्यात बसवलं. तो बिचारा सर्दी जाईस्तोवर खिडकीतून शिकला. मशीन अडलं की सर ते बंद करून पुन्हा चालू करायचे आणि आमच्याकडं असं बघायचे, जसं काही ऑपरेशनच केलं. आता खरं सांगते, आजही आम्ही तेच करतो, फक्त त्याचा पगार मोठा आहे.

तर या सरांना हैदराबादच्या कुणा पाहुण्याकडून एक फ्लॉपी मिळाली. तिच्यात जन्मपत्रिका काढायचा प्रोग्राम होता. झालं! दारावर पाटी लागली, ‘संगणकीय पत्रिका व गुणमेलन, शंभर टक्के अचूक’. सकाळी क्लास आणि दुपारनंतर पत्रिका. पालमपासून, सेलूपासून माणसं यायला लागली. टोप्या काढून हातात धरायची आणि प्रिंटरकडं बघत बसायची. तो प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर ढकलायला लागला की काही जण चक्क हात जोडायचे. आमच्या मानवतचे जोशी ज्या कामाला पंचांग, चष्मा, दोन कप चहा आणि अख्खी दुपार घ्यायचे, ते काम हे मशीन बिडी विझायच्या आत करून टाकायचं. आणि मुख्य म्हणजे, लोक म्हणायचे, ह्याच्या हातावर काय ठेवता येत न्हाई. जोशाला शंभर रुपये दिले की तो मंगळसुद्धा उठवून दुसऱ्या घरात बसवतो. मशीन कुणाचं खात न्हाई.

मी मात्र बाजूला बसून बघत होते, आणि मला पहिल्यापासूनच काहीतरी खटकत होतं. प्रोग्राम विचारायचा, जन्मगाव? त्याच्या यादीत परभणी नव्हतंच. सर बिनधास्त नांदेड टाकायचे. प्रोग्राम विचारायचा, जन्मवेळ? घरात झालेलं लेकरू, वेळ कोण बघतंय! सर नुसतंच बटण दाबायचे आणि मशीन आपल्या मनानं दुपारचे बारा धरायचं. आणि जन्मतारीख? ती शाळेच्या दाखल्यावरची. तिथंच सगळी गंमत होती.

कारण आमच्याकडं अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. जूनमध्ये शाळा उघडायची. आई पोराला हाताला धरून आणायची. मास्तर विचारायचे, कवा झाला? ती म्हणायची, पोळ्याच्या पुढं-मागं, म्हस व्याली तवा. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला लावायचे. हात पुरला की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. आमच्या अण्णांनी स्वतः असली शेकडो लेकरं एक जूनला जन्माला घातली होती. त्यात वाईट काही नव्हतं, पोरं शाळेत बसली. पण ती तारीख एकदा शाईनं लिहिली की सरकारी झाली, आणि सरकारी झाली की खरी झाली. मग तीच तारीख नोकरीला, आणि आता नांदेडला दुपारी बारा वाजता, सरांच्या मशीनमध्ये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी हसत होते. आमच्या दारात येईस्तोवर हसत होते.

ताई माझ्याहून मोठी. डीएडच्या पहिल्या वर्षाला होती. तिला बघायला सेलूकडचे पाहुणे आले. मुलगा हायस्कूलवर शिक्षक, आणि त्याचे वडील म्हणजे काय सांगू! जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवायलाच जन्माला आलाय, असा त्यांचा ठाम समज. आईनं मुरमुऱ्यांची सुशीला केली होती, ती खायच्या आधी त्यांनी मुरमुरे चमच्यानं उलटे करून बघितले. ताईला चालून दाखवायला लावलं. सुईत दोरा ओवायला लावला, म्हणजे नजर कळते म्हणे. मग केस खरे आहेत का ते बघायला वेणी पुढं घ्यायला सांगितली, तेव्हा तो मुलगा मध्येच म्हणाला, “राहू द्या आबा, बास झालं.” आणि ताईकडं बघून म्हणाला, “डीएडचं दुसरं वर्ष राहिलंय ना? ते पूर्ण करायचंय का तुम्हाला, लग्नानंतर?”

ताईनं वेणी पाठीवर टाकली. मग म्हणाली, “करायचंय.”

“मग करू,” तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर ताई ताटं घासताना गुणगुणत होती. माझ्या ताईला गुणगुणायची सवय नव्हती. मी म्हटलं, काय गं, आवाज फुटला का आज? तिनं ओल्या हातानं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. मला तेव्हाच कळलं की हिच्या मनानं घेतलंय. तिला तो मुलगा हवा होता. एवढं सरळ आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, म्हणून मी इथं बोलते.

आता गुण जुळायला हवेत. पाहुणे बोलणीला पुन्हा आले तेव्हा अण्णा म्हणाले, आमचे जोशी बघतील. मुलाचे वडील हसले. “जोशी तुमच्या गावचा. त्यो तुमचंच म्हननार. आमी कंप्यूटरवर बघनार, परभनीला.” अण्णांनी ताईच्या जन्माची खरी वेळ सांगायला तोंड उघडलं. त्यांना पक्की ठाऊक होती, आश्विनातली पहाट. तर यांनी हात वर केला. “तोंडी न्हाई चालायचं, गुरुजी. लोकं पोरीचं वय चोरतेत. शाळेचा दाखला द्या.”

अण्णांचा चेहरा पडला. कारण ताईला शाळेत त्यांनीच घातली होती, वयाच्या आधी, लवकर शिकेल म्हणून. दाखल्यावर तारीख त्यांच्याच अक्षरात होती, एक जून. आता मास्तरनं स्वतःच्या तोंडानं कसं म्हणायचं की मी सरकारी रजिस्टरात माझ्याच पोरीची तारीख खोटी लिहिली? त्यांनी गुपचूप दाखला काढून दिला. पाहुण्यांनी पिशवीतून आपल्या मुलाचा दाखला काढला. त्यावरही एक जूनच, साल तेवढं आधीचं. अण्णांनी तो वाचला, आणि त्यांना काय ते कळलं. मुलाच्या वडिलांनी ताईचा वाचला, आणि त्यांनाही कळलं असणार. पण मुलगा त्या तारखेवर नोकरीला लागलेला. ती खोटी म्हटली तर नोकरीला धक्का. दोघं शहाणे एकमेकांचा कागद हातात धरून बसले. प्रत्येकाला आपला खोटा माहीत, समोरचाही खोटा आहे हे माहीत, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. असला बावळटपणा करायला माणूस चांगला शिकलेला लागतो.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला होतेच. मुलाच्या वडिलांनी सरांच्या हातावर दोन्ही दाखले ठेवले. सरांनी टाकलं, एक जून, नांदेड, दुपारी बारा. पुन्हा एक जून, नांदेड, दुपारी बारा. प्रिंटर कर्रकर्र करायला लागला आणि मी उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. इतके दिवस तो आवाज मला हसू आणायचा.

गुण नऊ निघाले, आणि वर एकनाडी दोष. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, नाडी एक निघाली की आमच्याकडं बोलणं तिथंच संपतं. मुलाच्या वडिलांनी कागदाची घडी घातली. “बगा, जोशी हे बोलला असता का? वाचलो,” म्हणाले आणि निघाले.

मी घरी येऊन सांगितलं. ताई भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग एकदम म्हणाली, “तुझ्या त्या डबड्यानं माझं वाटोळं केलं.” मी म्हटलं, ताई, मी काय केलं? तर ती म्हणाली, “तुला ठाव हाय ना सगळं खोटंय म्हनून? मग बोलली कामून न्हाईस?” अठरा वर्षांची पोरगी मी, त्या माणसापुढं काय बोलणार होते? पण तो प्रश्न मला लागला. रात्री ती जेवली नाही. अण्णाही नाही जेवले.

मी सरांना गाठलं. म्हटलं, सर, दोन्ही तारखा खोट्या आहेत. सर जराही दचकले नाहीत. “अगं मग खरी घेऊन ये. नाहीतर असं कर, किती गुण पाहिजेत ते सांग. तारीख एक-दोन दिवस मागंपुढं सरकवली की नाडी बदलते. बघू या का?” आणि त्यांनी खरंच करून दाखवलं. नऊचे अठ्ठावीस झाले. मशीन तेवढ्याच गंभीरपणे कर्रकर्र करत होतं. मला हसावं की रडावं कळेना. जोशाला निदान शंभर रुपये तरी द्यावे लागत होते! या मशीनला तेवढीही लाज नव्हती.

मी तो अठ्ठावीसचा कागद घरी आणला. अण्णांनी बघितला आणि बाजूला ठेवला. “ताईला विचार,” म्हणाले. ताईनं हातसुद्धा लावला नाही. “मला खोट्या गुनांवर नांदायला जायचं न्हाई. उद्या त्या घरात कुनाचं डोकं दुखलं तरी मला वाटंल, माझ्यामुळंच.” तिचं खरं होतं. कागद चुलीत गेला.

मग बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, अंगावर एसटीची धूळ. मुलाची आई. बघायच्या कार्यक्रमाला ती आली होती, पण तेव्हा एक शब्द बोललेली नव्हती, म्हणून मी ओळखलंच नाही. आई गडबडली, बसायला टाकलं. बाई म्हणाली, “बसत न्हाई लय. डोळे दाखवाय जायलेय म्हनून निगालेय घरून. पोरीला बोलवा.”

ताई आली. मी भिंतीला टेकून उभी. मला वाटलं, ही खरी तारीख सांगायला आली. मी तर पाटी-पेन्सिलसुद्धा शोधायला लागले होते.

“पोरगं कवा झालं ते मला ठाव हाय,” बाई म्हणाली. “मीच जनलं ना. पन कुनी इचारलं न्हाई, आन आता कुनी इचारलं तरी मी सांगनार न्हाई. खऱ्या तारखंनं जुळलं न्हाई तर? मग काय करावं मी?” पिशवी खाली ठेवून म्हणाली, “बाई, त्या दिवसापासून माजं पोरगं धड जेवत न्हाई. त्यानं मला काई सांगितलं न्हाई, पन मला कळतंय. तुला पसंत हाय का त्यो? तेवडंच सांग मला.”

अण्णांनी दाखले दिले होते, मी कागद आणले होते, सरांच्या प्रोग्रामनं गाव विचारलं, वेळ विचारली. हे विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ताई खाली बघत होती. मला वाटलं, लाजून आत पळेल. पण ताई आमच्याच घरची, नुसतं उत्तर देऊन थांबणार कशी? तिनं उलट विचारलं, “पसंत हायेत. पन तुमी माझ्या बाजूनं उभ्या राहाल का? आबा असे हायेत, म्हनून विचारते.”

बाईनं पदर सावरला. “खोटं कामून सांगू? आजपस्तोर मी माझ्याच बाजूनं उभी राहिले न्हाई.” मग म्हणाली, “पन पोरगा बापावर गेला न्हाई. लहान होता तवापासून मी नजर ठेवून हाय त्याच्यावर. आवाज चढला का, हात उगारला का, समदं बगितलंय. न्हाई गेला बापावर. येवडं मी तुला सांगू शकते.”

ताईनं वाकून तिच्या पायांना हात लावला. बाईनं चहा घेतला नाही, गाडी चुकेल म्हणाली. आईनं तिच्या पिशवीत दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

आठवड्याभरात सेलूहून निरोप आला, मुहूर्त काढतोय. कागदाचं काय झालं, नाडीचं काय झालं, एक शब्द नाही. अण्णांना इतका शक आला की ते स्वतः चौकशीला जायला निघाले होते. आईनं हात धरून बसवलं. लग्न झालं. ताईनं दुसरं वर्ष पूर्ण केलं, तिकडंच शाळेवर लागली. मुलगा, म्हणजे माझे दाजी, शब्दाला जागले.

त्या आठवड्यात सेलूला काय झालं, हे ताईनं मला फार पुढं सांगितलं. तिला दाजींनी सांगितलेलं. सासूबाई मानवतहून परत आल्या. ओसरीवर सासरे बसले होते, त्यांचे दोन भाऊ बसले होते. त्या आत गेल्या नाहीत. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमचे-माझे बत्तीस गुन जुळले होते. कसे जुळले, सांगू का चौघांत?” एवढंच. सासरे उठले, टोपी घातली, आणि मुहूर्त काढायला चालते झाले.

मी ताईला म्हटलं, त्यांनी काय सांगितलं असतं गं? तू विचारलंस का कधी? ताई म्हणाली, विचारायची वेळच आली नाही. नवी नवरी होते मी. पहिल्या सणाला त्यांना न्हाऊ घालताना पाठीला तेल लावायला बसले, आणि पाठीवरचा पदर बाजूला केला. पाठभर जुन्या माराचे वण होते.